मोरेच्या मैदानात तू हवी होतीस

लेह, ५ सप्टेंबर

प्रिय मनू,

मनालीहून सायकलने लेहला पोचले गं सुखरूप. फोटो मिळालेच असतील, पण त्यात नुसतं आकाश आणि खिंडींच्या पाट्या. म्हणून हे सविस्तर पत्र. पाय उशीवर ठेवून निवांत वाच.

तुझ्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी तिकिटं रद्द करायला निघाले होते आणि तूच अडवलंस. तेव्हापासून एकच धास्ती होती, चढांची. कात्रज असो, पसरणी असो की सिंहगड, चढ लागला की माझी नजर तुझ्या मागच्या चाकावर खिळलेली. ते चाकच पुढे नसेल तर रोहतांग कसा चढणार मी?

चढले की व्यवस्थित! मनालीपासून पन्नासेक किलोमीटर आणि जवळजवळ दोन हजार मीटरची चढाई. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला, तेव्हापासून लेहचे ट्रक खालूनच जातात. त्यामुळे जुन्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या सोडल्या तर आपलंच राज्य. मढीच्या पुढे धुकं दाटलं, मी सगळ्यात हलका गिअर टाकला आणि श्वास मोजत राहिले. मनू, अशा चढावर वेग ताशी सहा-सात किलोमीटर. त्या वेगाला वारा अडवणाऱ्या पुढचीच्या आडोशाचा काहीच उपयोग नसतो, प्रत्येकीला आपलं वजन आपणच वर ओढायचं असतं. इतकी वर्षं घाटात मी तुझ्यामागे चालले, पण पाय माझेच होते. हे मला या वयात पहिल्यांदा नीट कळलं, आणि त्याचा फार आनंद झाला.

तांदीला थांबले. चंद्रा आणि भागा तिथे एकमेकींना मिळतात. दोघी बारालाचा खिंडीच्याच दोन अंगांना उगम पावतात, वेगवेगळ्या वाटेने मोठा फेरा घेतात आणि इथे येऊन चंद्रभागा होतात. पुढे जम्मूत गेली की हीच चिनाब. आपली पंढरपूरची सायकलवारी आठवली आणि हात आपोआप जोडले गेले.

पुढे उंचीचं भान ठेवून चालले. जिस्पाहून थेट सरचूला मुक्काम करायचा नाही असं आपण नकाशावर बसून ठरवलं होतं ना, तेच पाळलं. सरचू ४२०० मीटरच्या वर आहे, एका दिवसात हजार मीटर उंच जाऊन झोपलं की डोकं ठणकायला लागतं. मी मध्ये पत्सेओला राहिले. बारालाचा ४८९० मीटर. तिथे सूरजतालाच्या काठी गूळ-शेंगदाणे खाल्ले, तुझ्या वाटणीचेही.

गाटा लूप्सची एकवीस वळणं तुला फार आवडली असती. सिंहगडासारखा उभा चढ मुळीच नाही, पण हवा इतकी विरळ की दर तीन-चार वळणांनी पाय टेकवावासा वाटतो. तिथल्या त्या छोट्याशा देवळीची गोष्ट ठाऊक आहे ना? ट्रक बंद पडला, ड्रायव्हर मदत आणायला गेला, बर्फाने रस्ता अडला आणि मागे राहिलेला क्लीनर पाण्यावाचून गेला. अजून लोक तिथे पाण्याच्या बाटल्या ठेवतात. मीही भरलेली बाटली ठेवली. खरं खोटं कुणी पाहिलंय, पण त्या उजाड डोंगरात कुणाची तरी वाट बघत बसणं काय असेल, हे तिथे एकटीने उभं राहिल्यावर अंगावर येतं.

लाचुलुंग ला (ला म्हणजे खिंड) उतरताना मागचं चाक बसलं. टूलकिट कायम तुझ्या सायकलच्या पॅनियर बॅगेत असायचं, पंक्चर तू काढायचीस आणि मी पंप मारायची. या वेळी सगळं माझ्याकडे. नवी ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवायचं, हे तुझं वाक्य कानात होतं. फिरवलं, तर नखाएवढी तार बोटाला टोचली. ट्रकच्या फाटक्या टायरमधली, केसासारखी बारीक. चिमट्याने ओढून काढली आणि मगच ट्यूब घातली.

आणि मग मोरेचं मैदान. पांगचा चढ संपला की साधारण चाळीस किलोमीटर जवळपास सपाट, तेही ४७०० मीटरवर. मला वाटलं होतं इथे विश्रांती मिळेल. दुपार झाली आणि समोरून वारा सुटला. डांबर गुळगुळीत, रस्ता सरळ आणि सायकल जागची हलेना! चढ निदान संपताना दिसतो, वारा कधी संपणार ते कळत नाही. त्या वाऱ्यात तू हवी होतीस गं. पाच मिनिटं तू पुढे, पाच मिनिटं मी, असं आपण सोलापूर रस्त्यावर किती वेळा केलंय. मागे राहणारीचे कष्ट किती वाचतात हे आपल्याला ठाऊक आहे, पण ते अंगाला कळायला ही दुपार लागली. लांबवर किआंगांचा, म्हणजे तिथल्या रानगाढवांचा, कळप दिसला, तेव्हा "अगं बघ" म्हणून मी चक्क मान वळवली. डोळे भरून आले. मग ओरडून रडले, ऐकायला कुणी नव्हतंच, आणि पॅडल मारत राहिले. डेबरिंगला पोचले तेव्हा ऊन कलत होतं. तंबूतल्या लडाखी मावशींनी न विचारता थुक्पा, म्हणजे शेवयांचं सूप, पुढे ठेवला आणि माझी बोटं आपल्या दोन्ही हातांत धरून चोळली.

दुसऱ्या दिवशी पहाटे, वारा उठायच्या आत निघाले. टांगलांग ला ५३२८ मीटर, प्राणवायू समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा. हळूहळू पण न उतरता चढले. नंतर रुमत्से, उपशी, आणि सिंधूच्या काठाने लेह.

आता तुझं सांग. गुडघा किती वाकतो? फिजिओ घरातल्या सायकल-ट्रेनरवर बसू देतात का? घाई करू नकोस. पुढच्या वर्षी श्रीनगरकडून येऊ या. झोजी ला ३५२८ मीटर, सगळ्यात उंच फोटू ला ४१०८, म्हणजे या रस्त्यापेक्षा बरंच सौम्य. मुक्काम कुठे कुठे करायचे त्याचा कागद तू तयार कर, हे काम तुलाच जमतं. आणि उत्तर पत्रानेच पाठव, फोनवर तू तब्येतीचं धड काही सांगत नाहीस.

तुझीच,
सुमा