डबा रिकामा पाठवायचा नाही म्हणून

प्रिय आई-बाबा,
सा. न.

आई, तुझा लाडवांचा डबा खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या हाती पाठवतेय. डबा रिकामा परत करायचा नाही हे तुझंच शिकवणं, म्हणून आत एक पॉवर बँक, एक आखूड केबल आणि हे पत्र. फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर बाबा "हो हो, कळलं" म्हणतात आणि ठेवून देतात.

बाबा, मागच्या रविवारी रात्री तुम्ही लातूरच्या गाडीत बसलात आणि टेंभुर्णीच्या पुढे तुमचा फोन बंद. पहाटे साडेपाचला तुम्ही दारात उभे राहिलात, तोवर आई तिकडे आणि मी इकडे, दोघी टक्क जाग्या. सीटशेजारी यूएसबी पोर्ट होता, पिशवीत केबल होती. पण "त्यात फोन लावला की बँक खातं साफ" असा मेसेज ग्रुपवर आलेला, म्हणून तुम्ही हातही लावला नाहीत!

मेसेज अगदीच थाप नाही. चार्जिंगच्या पोर्टमधून फोनमधली माहिती चोरणं, याला ज्यूस जॅकिंग म्हणतात. 2011 मध्ये लास व्हेगासला डेफ कॉन ही हॅकरांची परिषद होती, तिथे काही जणांनी मुद्दाम फुकट चार्जिंगचं खोकं मांडलं. फोन लावला की खोक्याच्या पडद्यावर इशारा यायचा. आणि लावणारे कोण, तर स्वतः हॅकर! आपल्या रिझर्व्ह बँकेनेही 2022 च्या फसवणुकींवरच्या पुस्तिकेत हा प्रकार दिलाय. पण 2023 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने असाच इशारा दिला, तेव्हा पत्रकारांनी खोदून विचारलं, तर त्यामागे नेमकी घटना कोणतीच नव्हती.

आता चष्मा लावा आणि घरातल्या जुन्या चार्जिंग केबलचं चपटं टोक उजेडात धरा. आत चार पट्ट्या दिसतील. कडेच्या दोन जरा लांब, त्या विजेच्या. मधल्या दोन आखूड, माहितीची ये-जा त्यांतून. सगळी भानगड या मधल्या दोघींची. भिंतीतल्या साध्या प्लगमधून नुसती वीज येते, तिथे आपला चार्जर खुशाल लावायचा. मी पाठवलेल्या केबलमध्ये मधल्या तारा नाहीतच. लॅपटॉपला लावून बघितली: फोन चार्ज होत होता, लॅपटॉपला मात्र फोन जोडलाय याचा पत्ताच नाही.

साध्या केबलने कुठे लावलात आणि फोनने काही विचारलं, तर 'फक्त चार्जिंग'. 2025 मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या संशोधकांनी दाखवलं की बनावट चार्जर फोनला फसवून तिथे स्वतःच 'हो' दाबू शकतो. त्यावर अ‍ॅपल आणि गूगलने नव्या अपडेटमध्ये तोड काढलीय. म्हणून अपडेट आलं की दर वेळी 'नंतर' दाबणं बंद करा, बाबा. तुमच्या फोनवर चार महिन्यांचं थकलंय, मी पाहिलं.

खरं सांगू? मला त्या पोर्टची फारशी धास्ती नाही. वीज तोडणार म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल, तुम्ही उघडायला निघाला होतात, आईने हातातून फोन ओढला म्हणून निभावलं. पैसे जातात ते अशा फाइलींतून, नाहीतर पोलिस असल्याचं सांगणाऱ्याच्या व्हिडिओ कॉलवरून. तसं काही झालंच तर लाजत बसू नका, लगेच 1930 ला फोन करा. आणि तो करायला फोन चालू असावा लागतो!

पॉवर बँक पूर्ण भरून दिलीय. ती कपाटात जपून ठेवायची वस्तू नाही, पिशवीतच राहू दे. आई, निघताना तू तपास, बाबांवर सोडू नकोस.

काकू गुरुवारी परत निघतील. या वेळी डिंकाचे दे, बेसनाचे अजून आहेत.

तुमची,
छकुली