‘पायरसीवर बोलू नका’ एवढ्याने भागत नाही

महोदय,

स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या ऑनलाइन गटांत ‘पायरसीचा विषय बंद’ असा एका ओळीचा नियम सर्रास दिसतो. किमती, डीआरएम (नक्कल रोखणारे डिजिटल कुलूप), बाजारातून गायब झालेली जुनी सॉफ्टवेअर यांवर बोलल्याने प्रताधिकाराचा भंग होत नाही. धोका असतो लिंक, मॅग्नेट (टॉरेंटने फाइल उतरवण्याची लिंक), सिरीयल की (सॉफ्टवेअर चालू करण्याचा क्रमांक) आणि ‘इनबॉक्समध्ये ये, देतो’ या उत्तरात. बेस६४मध्ये, म्हणजे वरवर निरर्थक दिसणाऱ्या अक्षरांत, लपवलेली लिंकही लिंकच. नियमात हे प्रकार नावानिशी लिहावेत, म्हणजे मॉडरेटरांना (गटावर देखरेख करणाऱ्यांना) दरवेळी वाद घालावा लागणार नाही.

‘आम्ही पाहिलंच नाही’ ही ढाल नोटीस येईपर्यंतच थोडीफार कामाची. भारतात प्रताधिकार नियम, २०१३ प्रमाणे रीतसर तक्रार आल्यावर ३६ तासांत मजकुरापर्यंतची वाट बंद करायची असते. तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर मजकूर परत ठेवता येतो. घड्याळ सुट्टीच्या दिवशीही चालते. म्हणून तक्रारीचा ईमेल किमान दोघांच्या हाती हवा. अमेरिकी कायद्याचे संरक्षण हवे असेल, तर स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्याने तिथल्या कॉपीराइट ऑफिसकडे एजंट (तक्रारी स्वीकारणारा प्रतिनिधी) नोंदवावा लागतो. शुल्क ६ डॉलर, नूतनीकरण दर ३ वर्षांनी. नोंद करणारा माणूस गटातून निघून गेला की नेमके हेच राहून जाते.

प्रत्येक पोस्ट आधी वाचून मंजूर करणे सुरक्षित वाटते, पण तसे ते नेहमीच नसते. मॅव्रिक्स (छायाचित्रसंस्था) विरुद्ध लाइव्हजर्नल (ब्लॉग संकेतस्थळ) खटल्यात अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले, की स्वयंसेवक मॉडरेटरही कंपनीचे प्रतिनिधी ठरू शकतात; तसे ठरल्यास त्यांनी निवडलेल्या मजकुराची जबाबदारी कंपनीवर येऊ शकते. पूर्वमंजुरी त्यामुळे अपवादानेच ठेवावी आणि सदस्यांच्या तक्रारींवर झटपट कारवाई करावी, हे बरे.

लिंक सापडल्यावर पोस्टचा क्रमांक, वेळ, सदस्यनाम आणि मोडलेला नियम नोंदवून ती हटवावी. पुरावा म्हणून तीच लिंक मॉडरेटरांच्या खासगी चॅटमध्ये चिकटवण्याची खोड फार. त्याने फक्त जागा बदलते. काही बॉट (आपोआप काम करणारे प्रोग्रॅम) हटवलेला मजकूर नोंदवहीत जसाच्या तसा ठेवतात, ती सेटिंगही तपासावी. वारंवार नियम मोडणाऱ्याला केव्हा काढायचे, हे लिहून ठेवून पाळावे. न पाळलेले धोरण न्यायालयात उपयोगी पडत नाही.

— एक वाचक