जिताड्याच्या पिल्लांना उजेडही मोजून हवा

मा. संपादक,

खारेपाटात, म्हणजे आमच्या खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, जिताडा या माशाचे कौतुक वेगळे सांगायला नको. एके काळी कचेरीत अडलेले काम साहेबाच्या घरी जिताडा पोचला की सुटे, अशी त्याची ख्याती! तेव्हा बीज, म्हणजे माशाची बारीक पिल्ले, भरतीबरोबर उघाडीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) आत येई आणि तळ्यात आपले आपण वाढे. आता ते हॅचरीतून, म्हणजे अंडी उबवून पिल्ले तयार करणाऱ्या केंद्रातून, विकत आणावे लागते. चेन्नईच्या ‘सीबा’ या निमखाऱ्या पाण्यातील मत्स्यपालनाच्या संशोधन संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचे बीज हॅचरीत तयार केले, त्यामुळेच आमच्यासारख्यांचा हा धंदा उभा राहिला.

आणलेली पिल्ले तळ्यात सोडण्याआधी आम्ही शेडमधल्या टाक्यांत वाढवतो. प्रशिक्षणात खाद्य, अमोनिया, प्राणवायू यांवर तासन्‌तास बोलतात. उजेडाचा विषय निघाला की उत्तर ठरलेले : ‘एक ट्यूब लावा.’

जिताडा नजरेने शिकार करतो. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला दोन-तीन दिवसांत तोंड फुटते आणि समोरचा रोटिफर हा सूक्ष्म जीव दिसला तरच ते खाते. म्हणून हॅचरीत दिवे जास्त वेळ ठेवतात, ते योग्यच. आमच्याकडे येणारी बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) मात्र एकमेकांना खाण्याच्या वयाची असते. स्वतःच्या निम्म्या लांबीहून मोठे भावंड ती सहज गिळते. एका टोकाला ट्यूब असली की थोराड पिल्ले उजेडात खाद्यावर तुटून पडतात, बारकी कोपऱ्यात उपाशी राहतात. आठवडाभरात आकारातला फरक डोळ्यांना दिसतो. मग लहान-मोठी वेगळी करायला कितीही चाळण्या मारा, टाकीतला आकडा घटतच जातो.

त्याहून वाईट म्हणजे रात्री वीज जाणे, आणि त्याहूनही वाईट ती परत येणे. काळोखातून एकदम लख्ख उजेड पडला की पिल्ले उधळतात, भिंतीवर आपटतात, काही टाकीबाहेर पडतात. सकाळी नाके खरचटलेली दिसतात आणि पुढे तिथेच रोग धरतो. मी आता दिव्यांचे तोंड भिंतीकडे फिरवले आहे, संध्याकाळी ते एकेक करून मालवतो आणि एक बारीक दिवा रात्रभर इन्व्हर्टरवर ठेवतो. वर शेडनेट आहेच. मर बरीच कमी झाली.

हल्ली मोबाइलवर नॉर्वेच्या पिंजऱ्यांतले दिवे पाहून आमची पोरे रात्रभर झोत सोडायला निघतात. तिथला सामन मासा लवकर वयात येऊ नये, वाढत राहावा म्हणून हिवाळ्यात ते दिवे असतात. आमचे दुखणे निराळे. उलट मांगूर मासा पाळणारे सांगतात, टाकी झाकून ठेवा. अंधारात मांगूर शांत राहतो हे खरे, पण जिताड्याचे लहान पिल्लू अंधारात भुकेने मरेल.

रत्नागिरीत शिरगावचे मत्स्य महाविद्यालय आहे. त्यांनी आमच्या पत्र्याच्या शेडमध्येच प्रयोग करून कोणत्या आकाराला किती उजेड आणि किती तास, एवढे एका पानावर मराठीत छापून द्यावे. उजेड मोजायचे यंत्र हजार-दोन हजारांत मिळते. मत्स्यव्यवसाय विभागाने तालुक्याला एक ठेवले तरी आम्ही आळीपाळीने वापरू.

– एक जिताडा उत्पादक, ता. पेण, जि. रायगड