धूसर फोटोंचं कोडं सोडवून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

माझ्या ५० एमएम लेन्सचा फोकस नीट बसत नव्हता, तेव्हा तुम्ही वेळ काढून शेजारी बसलात आणि मूळ कारणापर्यंत पोहोचवलंत. त्याबद्दल मनापासून आभार. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्ही दाखवलेली पद्धत फोकसने हैराण झालेल्या कुणाच्याही कामी येईल.

तुम्ही आधी लेन्स नाही, फोटो मागितलेत. ते स्क्रीनवर पूर्ण मोठे केलेत आणि विचारलंत, "यात कुठे तरी काही स्पष्ट दिसतंय का?" मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा प्रश्न. डोळे धूसर पण कान स्पष्ट असेल, तर फोकस बसलाय, फक्त भलत्या जागी. कुठेच काही स्पष्ट नसेल आणि सगळ्या कडा एकाच दिशेला ओढल्यासारख्या दिसत असतील, तर हात हललाय. मग फोकसच्या मागे लागण्यात अर्थ नाही, शटर स्पीड वाढवायचा.

किरकोळ गोष्टी तुम्ही भराभर तपासल्यात: लेन्सवरचं एएफ-एमएफ बटण (फोकस आपोआप की हाताने, ते ठरवणारं), माउंटवरचे पितळी रंगाचे संपर्कबिंदू (कोरड्या मऊ कापडाने पुसलेत), विषय लेन्सच्या किमान अंतरापेक्षा जवळ तर नाही ना. व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, आपल्या नजरेला जुळवणारं डायॉप्टरचं छोटं चाक मात्र तुम्ही आवर्जून दाखवलंत. व्ह्यूफाइंडरमधल्या दृश्याकडे नाही, खालच्या आकड्यांकडे बघायचं आणि ते रेखीव दिसेपर्यंत चाक फिरवायचं. फोटोवर त्याचा परिणाम होत नाही, पण हाताने फोकस करणाऱ्याचा सगळा भरवसा त्यावरच असतो.

मग फोकस पॉइंट, म्हणजे फ्रेममधल्या ज्या जागेवर कॅमेरा फोकस धरतो ती. कॅमेऱ्यावर निवड सोडली की बऱ्याचदा तो सर्वात जवळची वस्तू पकडतो, म्हणून एकच पॉइंट निवडून तो डोळ्यावर ठेवायला सांगितलंत. फुल फ्रेमवर (३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ५० एमएम लेन्स, तिचं छिद्र एफ/१.८ इतकं उघडं आणि एक मीटर अंतर असेल, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ४ सेंटीमीटरचा. मधल्या पॉइंटने फोकस करून फ्रेम फिरवली किंवा शरीर जरा पुढे झुकलं, की डोळा त्या पट्ट्याबाहेर जातो. सपाट, एकरंगी भिंतीवर ऑटोफोकस का घुटमळतो तेही तेव्हाच कळलं: त्याला पकडायला कड लागते. अंधारात म्हणूनच दिव्याची किंवा कपड्याची कड शोधायची.

शेवटी पट्टीची चाचणी. कॅमेरा ट्रायपॉडवर, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) पूर्ण उघडं, पट्टी तिरकी ठेवलेली, आणि तिच्या मधल्या खुणेशेजारी फोकससाठी एक उभं सपाट कार्ड. प्रत्येक फोटोआधी तुम्ही फोकस मुद्दाम बिघडवायला लावलात, म्हणजे कॅमेऱ्याला तो नव्याने शोधावा लागेल. व्ह्यूफाइंडरमधून घेतलेल्या फोटोंत दर वेळी खुणेच्या अलीकडचे आकडे स्पष्ट. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून घेतलेल्या फोटोंत, बरोबर खूणच स्पष्ट. तिथे उलगडा झाला. डीएसएलआरमध्ये, म्हणजे माझ्यासारख्या आरशाच्या कॅमेऱ्यात, व्ह्यूफाइंडरमधून बघताना फोकस मोजतो तो वेगळा सेन्सर, आणि त्याचं मोजमाप माझ्या लेन्सशी किंचित जुळत नव्हतं. काच निर्दोष होती. लाइव्ह व्ह्यूमध्येही धूसर आलं असतं तर लेन्स दुरुस्तीला द्यावी लागली असती, हेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत. मेन्यूतल्या फाइन ट्यूनमध्ये (ऑटोफोकस किंचित पुढे-मागे सरकवायच्या सोयीत) आकडा थोडा अधिककडे नेलात आणि फोकस खुणेवर आला. मिररलेसमध्ये (बिनआरशाच्या कॅमेऱ्यात) मोजणी मुख्य सेन्सरवरच होते, त्यामुळे तिथे हा खटाटोप सहसा लागत नाही.

तुम्ही नुसता आकडा बदलून कॅमेरा परत देऊ शकला असतात. त्याऐवजी प्रत्येक पायरी माझ्या हातून करून घेतलीत, म्हणूनच झूम लेन्सची चाचणी परवा मी एकटीने केली. तिच्या दोन टोकांना फरक वेगवेगळा येतोय आणि माझ्या कॅमेऱ्यात आकडा एकच भरता येतो. कोणतं टोक धरायचं, ते विचारायला लवकरच येते.

आपली कृतज्ञ,
फोकस शिकणारी एक विद्यार्थिनी