हुक सुटा दिसतोय

लेकरा,

व्हॉइस मेसेज करणार होतो पण आई बाजूला झोपलीय आणि मला हळू बोलता येत नाही हे तुला माहितीय. म्हणून टाइप करतोय, एका बोटानं. चुकलंमाकलं समजून घे.

काल तुझं स्टेटस बघितलं. वाळूजच्या शेडवरचं. पिवळं हेल्मेट, मागं सोलरचे निळे पॅनल, आणि तू हसतीयस. पहिल्यांदा बघितलं तेव्हा छाती फुगली, खरं सांगतो, महादेवच्या दुकानात जाऊन त्याला दाखवलं पण. तो म्हणला अण्णा, मोठं करून बघा की. मोठं केलं तर दिसलं की हार्नेस, म्हणजे उंचीवर अंगाला बांधायचा पट्टा, घातलाय, नीट आवळलाय पण, पण दोरीचा हुक मांडीजवळ लोंबतोय. कशालाच अडकवलेला नाही. त्यानंतर दिवसभरात तो फोटो मी किती वेळा मोठा केला ते विचारू नको.

फोटोपुरता काढला असशील. तसंच असणार. मी त्याबद्दल आता काही बोलणार नाही.

मला बोलायचंय ते त्या सोमवारचं. स्टँडवर आलो नाही ते. सिमेंटची पोती उतरवायचीत असं आईला सांगितलं होतं, ते खोटं होतं, मी मागं रिकाम्या गोठ्यात बसलो होतो आणि तुझी गाडी फाट्यावरनं वळताना हॉर्न ऐकला. राग होता, नाही असं नाही. आदल्या रात्री तू काकूसमोर विचारलंस, "अण्णा, तुम्हाला तुमच्या कामाची लाज वाटते का?" आणि मी ताट सारून उठलो. उत्तर येत नव्हतं म्हणून उठलो गं. आता येतंय थोडं थोडं.

१९९३ ला भूकंप झाला तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. गणपती विसर्जनाची रात्र, ३० सप्टेंबरची पहाट, चारच्या आसपास. आपल्या गावात भिंती तडकल्या पण माणसं राहिली. किल्लारी, सास्तूरकडं काय झालं ते आजोबांनी तुला शंभरदा सांगितलंय. दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर माळवदाच्या मातीचं ओझं, ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. जवळजवळ आठ हजार माणूस गेलं. पुढं नवी गावं बसवायला लागले तेव्हा मिळंल तो हात लागत होता, आणि आपल्या घरात तर कमावणारा कोणीच नव्हता, मी अकरावी सोडून बिगारी म्हणून गेलो ती अकरावी तिथंच राहिली. तिथल्या मिस्त्रीनं शिकवलं की जोत्यावर, खिडक्यांच्या वरून आणि छताच्या खालून सळया घालून काँक्रीटचा पट्टा फिरवायचा, चारी भिंती एकमेकींना धरून राहतात, हलल्या तरी एकत्र हलतात. घराला पट्टा घालायला मी सतराव्या वर्षी शिकलो. स्वतःला कधी घातला नाही. बघ, आलो परत तिथंच.

सांगायचं हे होतं की मी गवंडी झालो ते ठरवून नाही, अंगावर आलं. माझ्या बरोबरीचे सगळे असेच आले, कुणाची शेती गेली, कुणाचा बाप गेला, कुणी नापास झालं. साइटवर एवढ्या वर्षांत मला एक पण असा भेटला नाही की जो म्हणला मला हेच करायचं होतं. त्यामुळं तू बारावीला ७१ टक्के पाडून आयटीआयचा फॉर्म भरलास आणि पहिल्याच पसंतीला इलेक्ट्रिशियन टाकलंस तेव्हा मला वाटलं की आमचंच कुठंतरी कमी पडलं. माझं सगळं आयुष्याचं गणित एवढंच होतं, की माझ्या हातातलं घमेलं तुझ्या हातात जाऊ नये. मग तू स्वतःहून पक्कड मागतीयस म्हणल्यावर मी कुणाला काय सांगणार होतो.

तू सांगत होतीस, मी ऐकत नव्हतो. म्हणलीस, संदीपदादा सात वर्षं पेठेतल्या अभ्यासिकेत बसलाय, फोन केला की पुढच्या भरतीच्या जाहिरातीचं सांगतो. शीतल बीएस्सी होऊन मोबाईलच्या शोरूमला बारा हजारावर दिवसभर उभी, बसायला स्टूल नाही. आणि इकडं एक बाथरूमची फरशी बसवायला माणूस मिळंना, मिळाला तर राजस्थानचा नाहीतर बिहारचा, तो पण दोन महिन्यांनी येतो म्हणतो. मी म्हणलो तोंड आवर. पण खरंय ते. मी साठ रुपयांवर थापी धरली होती, आज बरा गवंडी नऊशे-हजाराच्या खाली हलत नाही, आणि पोरं मात्र मिळत नाहीत कारण प्रत्येक गवंड्यानं माझ्यासारखंच घरी सांगून ठेवलंय की बाळा तू हे करू नको. आम्हीच आमचं दुकान बंद करत आणलं म्हण ना.

आणि पैशाचं सोडून तू एक बोललीस ते जास्त लागलं. म्हणलीस, "बटण दाबलं की लागतं नाहीतर नाही लागत अण्णा, मधलं काही नसतं, कुणाच्या मनावर नसतं." मला लोहाऱ्याच्या रस्त्यावरची ती पाण्याची टाकी आठवली. त्या टाकीखालून एसटी जायला लागली की मी शेजारच्या अनोळखी माणसाला पण सांगतो की हिच्या घुमटाचा गिलावा माझाय. आई कोपरानं ढोसते. आता लाज वाटणारा माणूस असं सांगत बसंल का, तूच सांग.

पण भीती वाटते. ती वेगळी गोष्ट आहे आणि त्या रात्री ती मला तोंडानं सांगता आली नाही.

विलासचं तुला अर्धंच माहितीय. सोलापूरच्या साइटवरनं पडला एवढंच. किती उंचीवरनं माहितीय का, दुसऱ्या स्लॅबवरनं. पंधरा-सोळा फूट. आपल्या गच्चीएवढं. सेंट्रिंग खोलत होतो, चहाला दहा मिनिटं होती, एक लांब फळी होती तिचं एक टोक त्याच्या हातात आणि दुसरं माझ्या. त्यानं चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या, घसरू नये म्हणून. त्या नीट जोडीनं तिथंच राहिल्या. फळीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं हे मी आजपर्यंत तुझ्या आईला पण सांगितलेलं नाही. आणि त्याचं बांधकाम मंडळाचं कार्ड होतं, पण नूतनीकरण राहिलेलं. दरवर्षी ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि ठेकेदार सही देईना, ग्रामसेवक भेटंना, म्हणून राहिलं ते राहिलं. वहिनीला काही मिळालं नाही. आता त्या मंडळाची भांडी वाटतात तेव्हा रांगेत अशी अशी माणसं दिसतात की ज्यांनी जन्मात वीट उचलली नाही, आणि जाऊ दे, भरकटलो.

पट्टा. आमच्या साइटवर पट्टे नव्हते असं नाही. वरनं साहेब येणार असले की स्टोअरमधनं नवे कोरे निघायचे, प्लॅस्टिक पण काढलेलं नसायचं, साहेबाची गाडी गेटच्या बाहेर पडली की परत पेटीत. पण सगळं ठेकेदारावर ढकलू कसं, आम्ही पण काही साधू नव्हतो. पट्टा लावला की हात आखडतो, काम मागं पडतं, आणि बाकीचे हसायचे, ह्याला बैलासारखा बांधून ठेवलाय रे. एकतीस वर्षं मी असाच वर चढलो. म्हणून मला माहितीय की तो हुक फोटोपुरता सुटत नाही. आधी फोटोपुरता सुटतो, मग एक नट आवळण्यापुरता सुटतो, मग दिवसभर तसाच राहतो.

तर आता ऐक, आणि चिडू नको. शेडच्या पत्र्यावर चालताना जिथं बोल्टची ओळ दिसते तिच्या खाली पर्लिन असतं, म्हणजे पत्र्याला आधार देणारा आडवा लोखंडी बार, त्या ओळीवरच पाय टाकायचा, मधल्या मोकळ्या पत्र्यावर नाही. सिमेंटचा पत्रा असंल तर ओळीवर पण नुसता पाय नाही, आधी फळी टाकायची मग चालायचं. आणि उजेडासाठी मधेमधे फायबरचे पत्रे लावलेले असतात ना, वाळूजसारख्या ठिकाणी कंपन्यांचा धुरळा बसून ते बाकीच्या पत्र्यासारखेच दिसतात, वरून ओळखू येत नाहीत, आणि पाय पडला की फुटतात. खालनं ओळखू येतात. म्हणून वर चढायच्या आधी शेडमध्ये आत जायचं, मान वर करून उजेडाच्या पट्ट्या कुठं कुठं आहेत ते मोजायचं, मग शिडीला हात लावायचा. हुक लाईफलाईनला, म्हणजे हुक अडकवायलाच ताणलेली दोरी असते तिला, पॅनलच्या स्ट्रक्चरला नाही आणि कुठल्या पाइपाला तर नाहीच नाही. दोन हुकाची दोरी मागून घे, एक काढायच्या आधी दुसरा लागला पाहिजे. सकाळी दव असतं तेव्हा वर जायचं नाही. सुपरवायझर घाई करंल, करू दे.

हे सगळं तुला ट्रेनिंगला सांगितलं असणार. वाचताना डोळे फिरवत असशील. सॉरी. लेक्चर द्यायचं नाही असं ठरवूनच बसलो होतो.

आणि विजेचं मी तुला काय सांगणार, त्यात मी अडाणी. दिवाळीत तू सांगितलेलं तेवढं डोक्यात बसलंय, की घरातला करंट मेन स्वीच पाडला की गप्प होतो पण पॅनलवर ऊन आहे तोवर त्याच्या वायरीत करंट राहतोच, त्याला बटण नाही, आणि करंट वाहत असताना त्या वायरीचा कनेक्टर ओढला तर ठिणगी पडून विझत नाही, तशीच जळत राहते. तू हे महादेवला आणि त्या दोघा-तिघांना पारावर सांगत होतीस, पोरं गप्प ऐकत होती, आणि मी मागं उभा राहून बिडी विझवून टाकली. तुला दिसलं नसंल.

अजून एक, बापानं विचारायचं नसतं पण आई विचारणार नाही. साइटवर बायकांना जायला जागा आहे का? आमच्या साइटवर बाया-बापड्या सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत, संध्याकाळपर्यंत. विटा वाहायच्या आणि पाणी प्यायच्या नाहीत, एप्रिल-मे मध्ये. तेव्हा माझ्या डोक्यात पण आलं नाही की हे काय चाललंय, आता तू वर दिसलीस तेव्हा आलं. पत्रा मे महिन्यात तव्यासारखा तापतो. पाणी पी. जागा नसंल तर मोठ्यानं माग, लाजू नको, आयटीआयच्या वर्गात तुम्ही तीनच पोरी होता तेव्हा पण तू मुख्याध्यापकाकडं... प्राचार्याकडं गेलीच होतीस की.

बाकी घरी ठीक. आईचा गुडघा तसाच. तू पहिल्या स्टायपेंडच्या सात हजारातनं आणलेला कुकर ती अजून पाहुणे आल्याशिवाय काढत नाही, रोजचं त्या चेपलेल्या कुकरमध्येच. आजोबा विचारतात पोरगी कुठल्या ऑफिसात आहे, मी म्हणलो ऑफिसच्या वर आहे. हसले. कळलं का नाही माहीत नाही.

तू म्हणलीस ना की आपल्या गच्चीवर पण तीन किलोवॅटचं सोलर बसवू, सरकारच्या सूर्यघर योजनेतनं ७८ हजार सबसिडी येते, सहा पॅनल बसतील. बसव. पण गच्चीला ड्रिल मारू देणार नाही हे आधीच सांगतो. तो कोबा मी स्वतः घातलाय, २००९ ला, आई पाणी मारायला होती, तू नुसती त्या पाण्यात खेळत होतीस. एक भोक पाडलं की दोन पावसात खाली देवघरात ओल येणार. तुमची कंपनीवाली पोरं येतात, धडाधड भोकं पाडतात, रसायन भरून निघून जातात, मग लोक गवंड्याला बोलावतात. त्यापेक्षा मी कोब्यावर काँक्रीटचे ठोकळे ओतून देतो, चांगले जड, दक्षिणेकडं तोंड करून दोन ओळी, त्यातच तुझे बोल्ट बसवून टाकू. मापं पाठव. अंतर, बोल्टची जाडी, वर किती सोडायचे ते.

कठडा आपला गुडघ्याएवढाच आहे, तेव्हा पैसे संपले होते. म्हणून जिन्याच्या टोपीच्या भिंतीत मी एक सोळा एमएमची सळई वाकवून कडी बसवणार आहे, आत कॉलमच्या सळईला बांधून. तू काम करशील तिथंपर्यंत तुझी दोरी पुरली पाहिजे, म्हणजे कडी किती उंचीवर घेऊ? तुझ्या डोक्याच्या वर पाहिजे ना? तेवढं सांग, मी रविवारी भिंत फोडतो.

तुझे,
अण्णा

ता. क. ते स्टेटस काढून टाक. आईनं अजून बघितलेलं नाही.