पाळलेला साप रानात सोडू नका, आधी आम्हाला सांगा

बॉल पायथन (आफ्रिकेतला एक लहान अजगर), कॉर्न स्नेक असे परदेशी साप आता आपल्याकडेही हौसेने पाळले जातात. आणताना वीतभर दिसणारा बॉल पायथन 20-25 वर्षं सहज जगतो. तोवर मुलं शिकायला बाहेरगावी जातात, घरमालक बदलतो, हौस फिटते. शिवाय 2024च्या नियमांनुसार बॉल पायथनसारख्या प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी सक्तीची झाली आहे आणि त्यासाठी दिलेली सहा महिन्यांची मुदतही उलटून गेली. ज्यांनी नोंदणी केली नाही, ते घाबरतात. मग एके रात्री पिशवी घेऊन टेकडीवर जायचं आणि साप ‘मुक्त’ करून यायचं, ही पळवाट सुचते.

ही पळवाट कुठवर नेते ते अमेरिकेतल्या फ्लोरिडाने पाहिलं आहे. आपल्या ईशान्य भारतातला बर्मीज अजगर तिथे हौशी लोकांनी पाळला आणि काहींनी सोडून दिला. एव्हरग्लेड्सच्या दलदलीत त्याची वीण वाढली. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रात्री रस्त्यावर दिसणाऱ्या रॅकून या तिथल्या मांजराएवढ्या प्राण्याचं प्रमाण 99 टक्क्यांनी घटलेलं आढळलं. ससे तर दिसेनासेच झाले. त्याच वर्षी आयातीवर बंदी आली, पण फार उशिरा. 2017मध्ये अजगर शोधायला तमिळनाडूतून इरुळ या आदिवासी जमातीचे सर्पपारखी न्यावे लागले! त्यांनी पुष्कळ अजगर धरूनही दिले, पण अजगर काही हटले नाहीत.

आपल्याकडे असंच होईल असं आम्ही म्हणत नाही. पण नुकसान व्हायला सापाची वीण वाढायलाच हवी असं नाही. त्या अजगरांबरोबर आलेला फुप्फुसातला एक परजीवी आता फ्लोरिडातल्या मूळच्या सापांना मारतो आहे. आपल्या धामणीला, दिवडाला असं काही जडलं तर कळणार तरी कुणाला?

सर्पमित्रांनाही विनंती. अंगावर गोलसर ठिपके असलेला, डिवचल्यावर चेंडूसारखा वेटोळं करून बसणारा साप म्हणजे आपल्याकडच्या अजगराचं पिल्लू असेलच असं नाही, तो बॉल पायथनही असू शकतो. ओळख पटेपर्यंत तो सोडू नका. आधी फोटो पाठवा.

साप नकोसा झाला असेल तर आमच्या गटाच्या कोणाही कार्यकर्त्याला सांगा. नाव बाहेर जाणार नाही. कारवाई होणारच नाही, असं वचन देण्याचा अधिकार आम्हाला नाही; वन खात्याच्या कचेरीत तुमच्यासोबत मात्र येऊ. थेट बोलायचं असेल तर वन खात्याचा 1926 हा क्रमांक आहे.

आणि आता मागणं. घट्ट झाकणाचे हवेशीर डबे, जाड सुती कापडाच्या पिशव्या, वापरात नसलेल्या काचेच्या पेट्या आम्हाला हव्या आहेत. साप वन खात्याच्या ताब्यात जाईपर्यंत ठेवायला एवढं लागतंच. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यांनी आठवड्यातून एक तास दिला तर फार मोठी मदत होईल. मत्स्यालयाच्या दुकानांत लावायच्या भित्तिपत्रकांसाठी यथाशक्ती वर्गणी द्यावी. पावती मिळेल, आणि हिशेब दर महिन्याला गटाच्या फलकावर लागेल. वस्तू आणि वर्गणी रविवारी सकाळी 10 ते 12 या वेळेत गटाच्या खोलीवर स्वीकारू. कृपया साप मात्र तिथे परस्पर आणू नका, आम्ही घरी येऊ.