चर्चचा हिशेब फलकावर लावा

मा. संपादक,

सावंतवाडी-मालवणकडे फेस्त (चर्चचा सण) झाले की कुजबुज सुरू होते ती हिशेबाची. १९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेचे कलम ५३७ प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या भाविकसमूहाला, अर्थसमिती बंधनकारक करते. कलम १२८७ नुसार भाविकांना त्यांच्या दानाचा हिशेब द्यायचा असतो. दानपेटी मिस्सानंतर (चर्चमधील उपासनेनंतर) लगेच, एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दोघांनी मोजावी, आकडा जागेवरच वहीत लिहून सह्या कराव्यात, सोमवारी भरणा करावा. फादरांनी एकट्याने मोजूच नये, कितीही सज्जन असोत. यात संरक्षण त्यांचेच आहे.

खरा घोळ फादरांच्या बदलीच्या वेळी होतो. छपराच्या दुरुस्तीचे तोंडी शब्द वहीत नसतात आणि नव्या फादरांना जाब विचारला जातो. शिल्लक, देणी, अपुरी कामे यांची लेखी यादी समितीपुढे आधी वाचावी. हारतुरे मग.

– एक वाचक, सिंधुदुर्ग